संकल्प सोडताना

(मंडळाच्या ग्रंथालयात पितृपक्षात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले बरेचसे तसेच ठेवले आहे.)



कार्यकारिणीने मला दिलेला विषय आहे 'हिंदू धर्मातील कर्तव्य, कर्मकांड आणि मोक्षमार्ग'. वेळ दिलाय चाळीस मिनिटं, आणि मागच्या किचनमधून बटाटेवड्यांचा वास यायला लागलाय. तेव्हा मोक्षाची फार अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. मी फक्त एका छोट्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. पूजेच्या किंवा श्राद्धाच्या सुरुवातीला हातात पाणी घेऊन आपण जो संकल्प करतो आणि मग ते पाणी ताम्हनात सोडतो, त्याबद्दल. ते सांगता सांगता माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे. ती आजवर घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पँटपेक्षा सोवळ्यातच जास्त पाहिलं असेल. मी १९८४ साली सिनसिनाटीला आलो, मशीन डिझाइनच्या नोकरीसाठी. पौरोहित्याशी माझा संबंध काय, तर मी वाईचा. १९८८ साली मंडळाने पहिल्यांदा गणपती बसवायचा ठरवला, तेव्हा "तुम्ही वाईचे ना, मग तुम्हाला येतच असेल" एवढ्यावर माझी नेमणूक झाली. वाईला ढोल्या गणपती आहे, कृष्णेचे घाट आहेत, पण घाटावर वाढलेल्या प्रत्येक पोराला षोडशोपचार पूजा येते असं नाही. मला पोहता येत होतं! मग भारतातून पूजेची कॅसेट मागवली, दोन महिने गाडीत ऐकली, पाठ केली. तेव्हापासून आजपर्यंत गणपती, सत्यनारायण, वास्तुशांत, चार-दोन मुंजी एवढं मी लोकांच्या घरी जाऊन केलं. दक्षिणा कधी घेतली नाही, जेवण मात्र कधी सोडलं नाही.

तर त्या पहिल्या गणपतीला मी मोठ्या झोकात संकल्प म्हटला. पुस्तकात होता तसा : जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. बसलो होतो एका मित्राच्या बेसमेंटमध्ये, वॉटर हीटरच्या शेजारी. कुणालाच काही खटकलं नाही. खटकलं ते एका आजींना. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आरती झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पूजा छान झाली हो, पण गणपतीला पत्ता चुकीचा दिलात."

त्या दिवशी मी हसलो, पण घरी जाऊन संकल्प पुन्हा वाचला. मंडळी, तुम्हीही कधी वाचून बघा. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध चालू आहे, त्यातला श्वेतवाराह कल्प, त्यातलं वैवस्वत मन्वंतर, त्यातलं अठ्ठाविसावं कलियुग, त्याचा पहिला चरण. मग द्वीप, वर्ष, खंड, नदी आणि नदीचा कुठला काठ. मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. आणि सगळ्यात शेवटी गोत्र आणि नाव. अमेरिकन पोस्टात आधी माणसाचं नाव, मग घर नंबर, गाव, राज्य आणि शेवटी देश लिहितात. संकल्पात बरोबर उलटं आहे. अख्ख्या विश्वापासून सुरुवात करून आपण हळूहळू त्या एका पाटावर बसलेल्या माणसापर्यंत येतो. एवढ्या अफाट काळात आणि एवढ्या मोठ्या पृथ्वीवर, आज या क्षणी, इथे, मी. हे म्हटल्याशिवाय पुढचं काही करताच येत नाही.

इथल्या काही देवळांतले पुरोहित जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीप म्हणतात. पुराणातली द्वीपं आजच्या नकाशावर नेमकी कशी बसवायची या वादात मी पडत नाही. मी माझ्यापुरता उपाय केला. आपलं गाव ओहायो नदीच्या उत्तर काठावर आहे, तर नदी ओहायो आणि काठ उत्तर. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा दोन-तीन तरुण मंडळी फिस्सकन हसली. पण मला बरं वाटलं. एवढी वर्षं इथे राहून, इथला टॅक्स भरून, इथला बर्फ उपसून, देवापुढे बसल्यावर मात्र मी गोदावरीकाठी राहतो असं सांगायचं, हे काही खरं नव्हतं.

संकल्पाचा दुसरा भाग म्हणजे पाणी सोडणं. आपल्या भाषेत 'उदक सोडणं' याचा अर्थच हक्क सोडणं असा झालाय. होमातही प्रत्येक आहुतीनंतर यजमान म्हणतो की हे त्या देवतेचं, माझं नाही. म्हणजे बघा, सुरुवातीला सविस्तर 'मी', नाव, गाव, गोत्र, नदीच्या काठासकट. आणि शेवटी 'माझं नाही'. एवढंच कर्मकांड आहे म्हटलं तरी चालेल. मधली सुपारी, विड्याची पानं, अक्षता हे त्या दोन टोकांमधलं अंतर चालण्यासाठी.

हे मी तुम्हाला आज सांगतोय, पण तीस वर्षं लोकांकडून संकल्प म्हणवून घेताना मला हे समजलेलं नव्हतं. मी मंत्र म्हणत होतो आणि लोक पाणी सोडत होते.

थोडं शास्त्राकडे वळतो. आपल्याकडे कर्माचे तीन ठळक प्रकार सांगितले आहेत. काम्य म्हणजे काहीतरी हवं म्हणून केलेलं. नैमित्तिक म्हणजे प्रसंग आला म्हणून करावं लागणारं : जन्म झाला, मृत्यू झाला, ग्रहण लागलं. आणि नित्य म्हणजे रोजचं. नित्यकर्माची गंमत अशी की ते केल्याने काही खास मिळत नाही, पण नाही केलं तर दोष लागतो. आमच्या आईला कुणी विचारलं, "रोज पूजा करून काय मिळतं?" तर ती म्हणायची, "रोज दात घासून काय मिळतं?" परदेशात आपलं नेमकं उलटं झालंय. रोजचं सुटलं आणि काम्य वाढलं. नवं घर, ग्रीन कार्ड, मुलांची कॉलेजं. माझ्याकडे आलेल्या सत्यनारायणांची यादी केली तर या देशातल्या आपल्या सगळ्या काळज्यांचा इतिहास निघेल.

शंकराचार्यांचं म्हणणं असं की कर्माने मोक्ष मिळत नाही, तो ज्ञानानेच. मग कर्म कशाला? तर चित्त शुद्ध होण्यासाठी. मळलेल्या आरशात तोंड दिसत नाही, म्हणून आरसा पुसायचा. पुसण्याने तोंड तयार होत नाही, ते आधीपासून आहेच. मीमांसकांना हे मान्य नव्हतं, ते कर्मालाच सर्वस्व मानत. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात स्वधर्म हाच यज्ञ, असं विस्ताराने समजावून सांगितलं. आणि इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं. परंपरा सांगते की संन्याशाची मुलं म्हणून या भावंडांना मुंज नाकारली गेली, आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं, शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. ज्याला कर्माचा अधिकारच नाकारला, त्याने शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला बसून कर्माचं मर्म मराठीत सांगितलं, आणि ते सांगताना कडवटपणाचा एक शब्द नाही. 'अधिकार' हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचंय.

आता ती गोष्ट.

एप्रिल २०२०. माझी आई वाईला, वय ८६. माझी धाकटी बहीण तिच्याजवळ राहत होती. आईला करोना वगैरे काही नव्हता, वयच झालं होतं. भारताने मार्चमध्येच आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली होती, तिकडे लॉकडाऊन, अंत्ययात्रेला वीसपेक्षा जास्त माणसं नकोत असा नियम. आई गेली तेव्हा वाईला पहाट होती आणि इथे आदल्या दिवशीची रात्रीची आठ. आम्ही नुकते जेवून उठलो होतो. फोनवर बहीण म्हणाली, "दादा, आई गेली." मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. आणि त्यानंतर मी जे पहिलं वाक्य बोललो ते असं : "अग्नी कोण देणार?"

ती म्हणाली, "मी देते. दुसरं आहे कोण?"

आणि मी, तुमचा तीस वर्षांचा गुरुजी, म्हणालो, "असं कसं? मुलीला अधिकार नाही. पुण्याहून चुलतभावाला बोलाव. तोपर्यंत थांब."

पुण्याहून वाईला यायला तेव्हा पास लागत होता. तो केव्हा मिळेल, मिळेल का, कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला घरात ठेवून, शेजारची चार माणसं दारात उभी असताना, मी आठ हजार मैलांवरून तिला थांबायला सांगत होतो. ती काही बोलली नाही. फोन ठेवला. दोन तासांनी शेजारच्या मुलाने व्हिडिओ लावला तेव्हा ती कृष्णेकाठी मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती.

त्या रात्री वाईच्या आमच्या घरच्या गुरुजींना फोन केला. माणूस ऐंशीच्या घरातला, माझ्या मुंजीला त्यांचे वडील होते. मी म्हटलं, "गुरुजी, मी येऊ शकत नाही. माझं आता काय?" मला वाटलं ते सांत्वन करतील. ते म्हणाले, "तू दूरस्थ. तुझी सोय शास्त्रात केलेली आहे." आणि खरंच आहे. निर्णयसिंधूत हा विचार केलेला आहे. इतर नातेवाइकांची बातमी दहा दिवस उलटून गेल्यावर कळली तर सुतक कमी होतं, पण आईवडिलांच्या बाबतीत मुलगा कितीही दूर असो आणि बातमी कितीही उशिरा कळो, ऐकल्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस. निर्णयसिंधू लिहिणारे कमलाकरभट्ट मूळ पैठणच्या घराण्यातले, पण ते घराणं काशीला जाऊन स्थायिक झालेलं. ग्रंथ १६१२ चा. तेव्हा व्यापाराला, यात्रेला, लष्करात गेलेली मुलं असणार. चारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात माझ्यासाठी एक शब्द तयार होता, 'दूरस्थ'. मंडळी, एच-वन, ग्रीन कार्ड, एनआरआय, ओसीआय एवढी विशेषणं लागली आपल्याला, पण त्या रात्री हा शब्द ऐकून मला पहिल्यांदा रडू आलं.

दहा दिवस मी बेसमेंटमध्येच राहिलो. चटईवर झोपायचं, एकदा जेवायचं, सकाळी स्नान करून तिलांजली द्यायची. ऑफिसचं काम घरूनच चाललं होतं, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायचो. तुम्ही म्हणाल या दहा दिवसांत काय साधलं? मला एवढंच सांगता येईल की दुःखाला करायला काहीतरी काम मिळालं. हाताला ओंजळभर पाणी आणि काळे तीळ. नाहीतर मी टीव्हीवर आकडे बघत बसलो असतो.

दहाव्या दिवशी वाईला बहिणीने गच्चीवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. इथे मी डेकवर भाताचा घास ठेवला. आधी आला लाल कार्डिनल, ओहायोचा राज्यपक्षी! त्याने मान वाकडी करून पाहिलं आणि गेला. मग आली खार. सौ. आतून म्हणाली, "अहो, हाकला तिला." मी म्हटलं, "असू दे, आईला खारी आवडायच्या." कावळे समोरच्या ओकवर बसले होते, पण खाली येईनात. घाटावर कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात, ही पद्धत तुम्हाला माहीत असेल. तेवढी सोय करून ठेवणारी माणसं निष्ठुर नव्हती. मी दर्भ शोधायला आत गेलो आणि बाहेर येईपर्यंत भात संपला होता. कुणी खाल्ला ते मी पाहिलेलं नाही. विचारूही नका.

बाराव्या दिवशी सपिंडीकरण. यात गेलेल्या व्यक्तीचा पिंड तिच्या आधीच्या पितरांच्या पिंडांत मिसळतात. आई असेल तर तिचा पिंड तिच्या सासूच्या, आजेसासूच्या आणि पणजेसासूच्या पिंडांत. गुरुजी त्यांच्या घरून, बहीण वाईच्या माजघरातून, मी बेसमेंटमधून, असे तिघे फोनवर. गुरुजींनी नावं विचारली. आजीचं नाव मला माहीत होतं. तिच्या सासूचं अंधुक आठवलं. तिच्याही सासूचं? मी गप्प. बहीण गप्प. वडिलांकडची पुरुषांची सात पिढ्यांची वंशावळ आमच्याकडे छापलेली आहे, तिच्यात एकाही बाईचं नाव नाही. मुलीचं माहेरचं नाव लग्नात ताटातल्या तांदळांत पुसलं जायचं, आणि सासरी मिळालेलं नाव दोन पिढ्यांत विसरलं जायचं.

यालाही शास्त्रात उपाय आहे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं. नाव माहीत नसेल तर बापाला पृथ्वीवर वसणारा, आज्याला अंतरिक्षात वसणारा, पणज्याला द्युलोकात वसणारा अशा अर्थाची नावं घेऊन भागवावं. किती सुंदर आहे हे! नाव हरवलं की माणूस माती होतो, मग वारा होतो, मग उजेड होतो. पण गुरुजी म्हणाले, "हे शेवटचं. आधी विचारून बघा." साताऱ्याला माझे ९१ वर्षांचे काका. बहिणीने त्यांना दुसऱ्या फोनवरून उठवलं. ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, आणि मग म्हणाले, "द्वारका. माझी आजी सांगायची, माझ्या सासूचं नाव द्वारका. फार कडक होती म्हणे." आणि १३-१४ हजार किलोमीटरच्या त्या फोनवर आम्ही तिघंही हसलो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

पण बहीण माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. का ते मला ठाऊक होतं.

जूनमध्ये मी धर्मसिंधूचं मराठी भाषांतर काढलं. हा ग्रंथ पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा, १७९० च्या सुमाराचा. पुस्तक माझ्या शेल्फवर कित्येक वर्षं होतं. मुहूर्त आणि व्रतं या पानांपलीकडे मी कधी गेलो नव्हतो, कारण लोक तेवढंच विचारतात. अंत्यविधीच्या अधिकाऱ्यांची यादी तिथे आहे. मुलगा, नातू, पणतू असा क्रम सुरू होतो आणि त्यातच पुढे पत्नी आहे, मुलगी आहे, मुलीचा मुलगा आहे. ही यादी लांबत जाते, कारण कुणाचंच राहू नये अशी तिची इच्छा आहे. जवळ हजर असलेल्याने करावं, खोळंबून राहू नये, हाच त्यामागचा रोख. म्हणजे "मुलीला अधिकार नाही" हे मी जे ठणकावून सांगितलं, ते शास्त्र नव्हतंच. ती घाटावर ऐकलेली गोष्ट होती. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ साली निघालेला चौथा खंडही मग मिळवून वाचला. अंत्येष्टी, आशौच, श्राद्ध सगळं त्यात आहे. आणि पुण्यात तर १९७० च्या दशकापासून शंकरराव थत्ते ऊर्फ थत्तेमामांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली होती, पुढे ज्ञान प्रबोधिनीनेही केली. मी हे सगळं वर्तमानपत्रात वाचलं होतं, कौतुकही केलं होतं. स्वतःच्या आईच्या वेळी मात्र ऐकीव गोष्ट तोंडातून आली.

मी बहिणीला फोन केला. सगळं वाचून दाखवलं, पान नंबरासकट. म्हटलं, "माझं चुकलं. तुला अधिकार होता." ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "दादा, तू पुस्तक उघडलंस ते बरं केलंस. मी त्या दिवशी कुठे पुस्तक बघितलं होतं? आई होती."

आता कठोपनिषदाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नचिकेताची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते : मुलगा यमाच्या दारी तीन रात्री उपाशी थांबला आणि तीन वर मिळाले. पण गोष्ट सुरू कुठे होते? एका फसलेल्या कर्मकांडापासून. बाप सर्वस्व दान करण्याचा यज्ञ करतोय आणि दान काय देतोय, तर म्हाताऱ्या, दूध आटलेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या गाई. ते बघून त्या पोराच्या मनात श्रद्धा शिरली, असं उपनिषद म्हणतं. आपल्याला वाटतं श्रद्धा म्हणजे प्रश्न न विचारणं. इथे श्रद्धा शिरल्यावर मुलगा पहिली गोष्ट करतो ती बापाला प्रश्न विचारण्याची! श्राद्ध हा शब्दही या श्रद्धेवरूनच आलाय.

आणि तीन वर बघा. पहिला : माझ्या बापाचा राग जावा, मी परत गेल्यावर त्याने मला ओळखावं. दुसरा : स्वर्गाला नेणारा अग्नी कसा रचायचा, किती विटा, कशा मांडायच्या, ते शिकव. म्हणजे शुद्ध कर्मकांड. आणि तिसरा : माणूस मेल्यावर उरतो की नाही, ते सांग. यम पहिले दोन झटकन देतो. तिसऱ्याला टाळाटाळ करतो, हत्ती-घोडे देऊ करतो. अख्खं ब्रह्मज्ञान त्या तिसऱ्या वरात आहे. पण नचिकेताने ते आधी मागितलं नाही. आधी घरचं भांडण मिटवलं, मग अग्नीच्या विटा मोजल्या. मी तीस वर्षं विटाच मोजत होतो, त्याही दुसऱ्यांच्या, आणि पहिला वर मागायचं विसरलो होतो. बहिणीला फोन केला त्या दिवशी मला हे उपनिषद, म्हणजे त्याचं पहिलं पान तरी, समजलं असं वाटतं. पुढच्या पानांबद्दल माझ्याकडून ऐकू नका.

माझी मुलगी शिकागोला असते. तिने मला एक प्रश्न टाकला होता. "बाबा, आपण पुनर्जन्म मानतो ना? मग आजी आता कुठेतरी लहान बाळ असेल. ती दूध पीत असेल. पिंड कुणाला पोचतो?" प्रश्न चोख आहे. काण्यांनीही ही अडचण मांडली आहे की कर्म-पुनर्जन्माचा सिद्धांत आणि तीन पिढ्यांना पिंड या दोन कल्पनांचा मेळ बसवणं कठीण. मत्स्यपुराणाचं उत्तर असं की पितर जिथे, ज्या रूपात असतील तसं ते अन्न होऊन पोचतं. देव झाला असेल तर अमृत, पशू झाला असेल तर गवत. म्हणजे कुठल्याही चलनात वटणारी हुंडी. मला हे उत्तर पटलेलं नाही, पण आवडतं. तिलाही मी तसंच सांगितलं. एकनाथांची कथा मात्र तिला पटली : पैठणला श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, त्या वासाने बाहेर रस्त्यावरची अस्पृश्य म्हटली जाणारी भुकेली माणसं थांबली आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मण रागावून जेवायला आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले. ती म्हणाली, "म्हणजे पोचलं की!"

तर्पणाचा शेवटही मी तिला सांगितला, कारण तो मला सगळ्यात मोठा वाटतो. आधी आपले तीन, मग आईकडचे, मग काका, मामा, आत्या, गुरू, मित्र. आणि मग ब्रह्मदेवापासून गवताच्या पात्यापर्यंत सगळ्यांना पाणी. अगदी शेवटी, आपल्या कुळात जे मूलबाळ न होता गेले, ज्यांना पाणी द्यायला कुणी नाही, त्यांच्यासाठी ओलं वस्त्र पिळून निघालेलं पाणी. 'मी अमुक गोत्राचा, अमुक नदीच्या काठावरचा' इथून सुरू झालेला माणूस गवताच्या पात्यापर्यंत आला की त्या 'मी'चं काय उरतं? ज्ञानमार्गी ध्यानाला बसून जे शोधतात, ते ओंजळीतल्या पाण्याने थोडंसं हाताला लागतं. निदान मला तसं वाटतं. विद्वानांनी माफ करावं.

हे ऐकून तुमच्यापैकी कुणी लगेच दर्भ ऑर्डर करावा असं काही माझं म्हणणं नाही. पण दिवाळी येतेच आहे. आपण दिवाळी म्हणजे फराळ आणि फटाके एवढंच धरून चालतो, पण नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण सांगितलंय, यमाची चौदा नावं घेऊन. वडील हयात असलेल्यांनीही ते करावं असं आहे. पितृपक्षात आलेल्या पितरांना परत जाताना वाट दिसावी म्हणून या दिवसांत उल्का दाखवायची, म्हणजे पेटती चूड. आपला आकाशकंदील मला त्या चुडीचाच भाऊबंद वाटतो. या वर्षी डेकवर कंदील लावताना एवढं आठवलं तरी पुष्कळ. आणि आज घरी गेल्यावर तुमच्या आईला, मावशीला, जी कुणी असेल तिला, फोन करा आणि तिच्या सासूच्या सासूचं नाव विचारा. आमच्या काकांसारखे ९१ वर्षांचे काका प्रत्येकाकडे नसतात. तेही गेल्या वर्षी गेले.

गेल्या सर्वपित्री अमावास्येला सकाळी मुलीचा शिकागोहून फोन आला. म्हणाली, "बाबा, मी ऑफिसला जायच्या आधी पाणी देणार आहे. संकल्पात नदी कुठली म्हणू? इथे लेक आहे." मी म्हटलं, लेक मिशिगन म्हण, पश्चिम काठ. ती म्हणाली, "ओके. आणि नावं परत सांग, मी फोनमध्ये लिहून ठेवते." मी आजीपासून सुरुवात केली. तिसऱ्या नावाला ती थांबली.

"द्वारका? स्पेलिंग काय?"

"डी, डब्ल्यू, ए..." मी सांगायला लागलो.